बुरशीच्या हातचं रसायन

नगर जिल्ह्यात बुरशी पोसण्याचा मोठा धंदा चालतो, पण त्याला कुणी त्या नावानं ओळखत नाही. श्रीरामपूरजवळ हरेगावला ब्रिटिश अमदानीत बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना चालवून दाखवला आणि मग संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा, अकोले अशी रांगच लागली. कारखाना आला की मळी आली, मळी आली की आसवनी आली. टनभर उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि टनभर मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल. ही किमया यंत्रांची नाही. यंत्रं फक्त ढवळतात, थंड करतात आणि उकळतात. मळीतल्या साखरेचं अल्कोहोल करते ती सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे आपलं यीस्ट, आणि यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे.

आता हेच रसायनशास्त्राच्या चष्म्यातून पाहा. ग्लुकोजच्या एका रेणूचे अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू होतात. वाटेत बारा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वेगळं विकर. एकीचं उत्पादन बाहेर काढून, शुद्ध करून, वाळवून पुढच्या पायरीला द्यावं लागत नाही. तापमान तीस-बत्तीस अंश, द्रावक पाणी, दाब आपल्या हवेचा. बारा पायऱ्यांचं संश्लेषण एकाच भांड्यात, तेही लाखो लिटरच्या, करून दाखवणारा सेंद्रिय रसायनतज्ज्ञ अजून जन्माला यायचाय. आपल्याकडे मात्र ते रोज तीन पाळ्यांत चालतं आणि एम.एस्सी.च्या वर्गात त्याचा उल्लेख ‘किण्वन’ म्हणून एका ओळीत उरकतो.

पुढची पानं रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत आणि त्यांचा विषय आहे बुरशी हा उत्प्रेरक. पालापाचोळा कुजवणारी बुरशी, पावावरची बुरशी, लाकूड पोखरणारी बुरशी, यीस्ट, या सगळ्या आपापल्या पोटापाण्यासाठी जी विकरं तयार करतात, ती आपल्या रेणूंवर चालवायची. ज्या रासायनिक क्रियेत आम्ल, जड धातू, चाळीस बारचा हायड्रोजन किंवा उणे अठ्ठ्याहत्तर अंशांची थंडी लागते, तिथे हे काम साध्या पाण्यात होईल का, हे तपासायचं. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच परिच्छेदात ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का मारून मोकळे होतात. तो शिक्का कमवावा लागतो, असं माझं मत आहे, आणि या प्रस्तावनेतला बराच भाग मी त्या हिशेबासाठी राखून ठेवला आहे. पण आधी बुरशीचं खरं बळ कशात आहे ते पाहू. ते तिच्या हिरवेपणात नाही, तिच्या चोखंदळपणात आहे.

त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. कोपरगाव तालुक्यात साकरवाडी आहे. करमशी जेठाभाई सोमैया यांनी १९३९ च्या सुमारास गोदावरी शुगर मिल्स इथे सुरू केली. आज त्याच उद्योगाच्या गोदावरी बायोरिफायनरीज या कंपनीचा साकरवाडीतला प्रकल्प अल्कोहोलपासून रसायनं बनवतो. इथिल अ‍ॅसिटेट, क्रोटोनाल्डिहाइड, सुगंधी द्रव्यांसाठी लागणारं एमपीओ आणि १,३-ब्युटिलीन ग्लायकॉल, ज्याला रसायनशास्त्रात १,३-ब्युटेनडायॉल म्हणतात. २०२४ मध्ये शेअर बाजारात येताना कंपनीनं आपल्या माहितीपत्रकात म्हटलं होतं की नैसर्गिक स्रोतापासून हे ब्युटेनडायॉल बनवणारे उत्पादक जगात दोनच आहेत, आणि त्यातले एक आपण. क्रीम-लोशनमध्ये त्वचेचा ओलावा टिकवायला हे रसायन वापरतात.

या रसायनाचा रूढ मार्ग असा. अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करायचं, त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडायचे आणि मग धातूच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन चढवायचा. अल्कोहोल होईपर्यंत यीस्ट, त्यापुढे सगळी धातूंची सत्ता. धातूचा उत्प्रेरक वेगवान असतो, टिकाऊ असतो, पण त्याला एक गोष्ट कळत नाही. १,३-ब्युटेनडायॉलच्या चार कार्बनांपैकी एकाला चार वेगवेगळे गट जोडलेले असतात, त्यामुळे हा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलेसारखा. वजन तेच, उत्कलनबिंदू तोच, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. साधा धातू दोन्ही रूपं निम्मी-निम्मी बनवतो. लोशनला त्याचं काही वाटत नाही. औषधाला वाटतं. कार्बापेनेम नावाच्या, रुग्णालयात अगदी शेवटच्या फळीत ठेवल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांच्या संश्लेषणात यातलं एकच रूप चालतं. ते कसं मिळवायचं?

जपानच्या डायसेल कंपनीच्या संशोधकांनी यीस्टांचे बरेच वाण चाळून कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस नावाची एक यीस्ट निवडली. निम्म्या-निम्म्या मिश्रणात ती सोडली की ती एका रूपाचं ऑक्सिडेशन करते आणि दुसऱ्याला हात लावत नाही. शेवटी भांड्यात उरतं ते हवं असलेलं रूप. साकरवाडीत ज्या जातीचा रेणू बनतो, त्याच रेणूची ही औषधी चाल आहे. उसाच्या अल्कोहोलपासून इथवर रसायन आलं तर पुढची एक पायरी बुरशीच्या हाती देऊन त्याची किंमत किती वाढते, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यानं विचारायला हवा, असं मला फार वाटतं.

ही युक्ती जुनी आहे. १८५८ मध्ये लुई पाश्चर टार्टारिक आम्लावर काम करत होते. आम्लाच्या मिश्र द्रावणात पेनिसिलियमची बुरशी वाढली, तेव्हा ती एकच रूप खाते आणि दुसरं तसंच सोडते, हे त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही रूपं एकाच द्रावणात, एकाच बाटलीत, तरी बुरशीनं निवड केली. सजीवांच्या रसायनात डाव्या-उजव्याचा भेद किती मुरलेला आहे, याचा तो अगदी सुरुवातीचा पुरावा. पाश्चरचं नाव आपण रेबीज आणि दुधाशी जोडून ठेवलं आहे. रसायनाच्या विद्यार्थ्यानं ते या बुरशीशी जोडून ठेवावं.

डाव्या-उजव्यापेक्षाही अवघड निवड म्हणजे कोणत्या कार्बनला हात लावायचा ती. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॉर्टिसोनचं. १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. मागणी प्रचंड, पण औषध कुठून आणायचं? मर्क कंपनीकडे बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून निघणारी कृती होती. तीसहून अधिक पायऱ्या, आणि किलोभर कॉर्टिसोनसाठी सहाशे किलोंहून अधिक पित्ताम्ल. सगळी रखडपट्टी मुख्यतः एका कारणानं होती. स्टेरॉइडच्या सांगाड्यातल्या अकराव्या क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजन हवा होता, आणि बहुतेक स्टेरॉइडांत त्या कार्बनशेजारी रसायनतज्ज्ञाला पकड मिळेल असं काहीच नव्हतं. ना दुहेरी बंध, ना कोणता कार्यगट. चारी बाजूंनी सारखेच दिसणारे कार्बन-हायड्रोजन बंध. त्यातला नेमका एक कसा उघडायचा?

१९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या ड्युरे पीटरसन आणि हर्बर्ट मरे यांनी प्रोजेस्टेरॉन हे सहज मिळणारं स्टेरॉइड रायझोपस बुरशीच्या भांड्यात टाकलं. शिळ्या पावावर जी राखाडी बुरशी चढते, तिच्याच कुळातली ही. तिनं हवेतला ऑक्सिजन घेतला आणि नेमक्या अकराव्या कार्बनवर बसवला, एका पायरीत. पुढे त्याच कुळातल्या दुसऱ्या जातीनं हे काम पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक उताऱ्यानं केलं. कॉर्टिसोनचा भाव ग्रॅमला दोनशे डॉलरवरून सहा डॉलरवर आला आणि पुढे आणखी उतरत गेला. आज दमेकऱ्याचा पंप असो की खाजेचं मलम, स्टेरॉइड स्वस्त मिळतं त्यामागे या एका पायरीचा मोठा वाटा आहे. बुरशीला प्रोजेस्टेरॉनशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी तो बहुधा एक विषारी, तेलकट उपरा पदार्थ होता, आणि ऑक्सिजन चढवून तो पाण्यात विरघळण्याजोगा करणं हा तिचा बचाव. तिच्या बचावाची यंत्रणा आपण औषधाच्या कामी लावली.

या निवडीचे नियमही बांधता येतात. झुरिकमध्ये व्लादिमीर प्रेलॉग यांनी कर्व्ह्युलारिया फाल्काटा नावाच्या बुरशीला निरनिराळी कीटोनं खाऊ घालून पाहिली. कीटोनच्या एका बाजूला मोठा गट, दुसऱ्या बाजूला लहान, अशी रचना असेल तर हायड्रोजन कोणत्या बाजूनं येणार हे आधीच सांगता येतं, असा नियम त्यांनी १९६४ मध्ये मांडला. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि नियमामागे एक बुरशी होती हे पुस्तकात सहसा छापलेलं नसतं. प्रेलॉग यांना १९७५ चं नोबेल मिळालं.

आता प्रयोगशाळेत येऊ. या विषयातला आद्य प्रयोग म्हणजे इथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटचं यीस्टकरवी क्षपण. झीबाख आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’मध्ये दिलेली कृती आजही तशीच चालते. सोळाशे मिलिलिटर नळाचं पाणी, तीनशे ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम बेकरीचं यीस्ट. कोमट पाण्यात तासभरात फसफस सुरू होते, वर फेस चढतो आणि खोलीभर पाव भाजण्याआधीचा वास सुटतो. मग वीस ग्रॅम इथिल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट ओतायचं. दुसऱ्या दिवशी आणखी शंभर ग्रॅम साखर लिटरभर पाण्यातून द्यायची आणि पुन्हा वीस ग्रॅम एस्टर. त्यानंतर दोन-अडीच दिवसांनी एस्टरमधल्या कीटोनचं अल्कोहोल झालेलं असतं आणि दोन रूपांपैकी एकाचं पारडं स्पष्ट जड असतं.

भांड्यात नेमकं काय होतं? यीस्टच्या पेशीतलं क्षपणविकर एनएडीपीएच नावाच्या वाहकाकडून हायड्रोजन घेतं आणि कीटोनवर ठेवतं. वाहक रिकामा होतो. तो पुन्हा भरायला इंधन हवं, आणि ते इंधन म्हणजे साखर. हा वाहक बाटलीतून विकत आणायचा तर परवडण्यासारखा नाही. जिवंत पेशी तो साखरेच्या बदल्यात पुन्हा पुन्हा भरून देते. सोडियम बोरोहायड्राइडची एक चिमूट जे काम पंधरा मिनिटांत करते, त्याला इथे तीन दिवसांहून अधिक लागतात. पण बोरोहायड्राइडला डावं-उजवं कळत नाही. शिवाय पुरवठादाराकडून मागवायचं काही नाही. साखर किराणा दुकानात आणि यीस्ट बेकरीत मिळतं. तालुक्याच्या महाविद्यालयाला ही गोष्ट लहान नाही.

आणि आता तो हिशेब. शेवटी हाती येतं चोवीस ते एकतीस ग्रॅम उत्पादन. त्यासाठी चारशे ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम यीस्ट, चाळीस ग्रॅम एस्टर आणि अडीच लिटरहून जास्त पाणी गेलं. यीस्टचा गाळ सहजी गाळला जात नाही, तो फडक्यालाही चिकटतो आणि गाळणकागदही बुजवतो, म्हणून सेलाइट घालावं लागतं. पाण्यात मीठ टाकून ईथरनं पुन्हा पुन्हा उत्पादन ओढून घ्यावं लागतं, आणि दर वेळी मध्ये जाड पांढुरका थर तयार होऊन दोन थर वेगळे व्हायला तयार नसतात. ज्यानं हे केलंय त्याला विचारा. हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडली. त्याआधीच, १९९२ मध्ये, रॉजर शेल्डन यांनी एक सोपा आकडा सुचवला होता, किलोभर उत्पादनामागे किती किलो कचरा. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत तो एक ते पाचच्या घरात, औषधांत पंचवीस ते शंभर किंवा त्याहूनही वर. आपल्या यीस्टच्या प्रयोगात पाणी, ईथर, मीठ आणि सेलाइट हिशेबाबाहेर ठेवलं तरी तो वीसच्या आसपास येतो. म्हणजे बुरशी वापरली म्हणून काम आपोआप हिरवं होत नाही. पाण्यात क्रिया झाली खरी, पण त्या पाण्याचं पुढे काय, हे विचारल्याशिवाय ‘हरित’ हा शब्द लिहू नये. उसाला पाणी किती लागतं आणि जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत टँकर कधी सुरू होतात हे माहीत असलेल्या माणसानं तर नाहीच.

पण हाच हिशेब आसवनीत बदलतो. प्रयोगशाळेत जी साखर ‘वाया’ गेली, तिचं अल्कोहोल झालं आणि ते आपण मोरीत ओतलं. आसवनीत तेच विक्रीचं उत्पादन असतं. यीस्ट, टाकी, वाफ, ऊर्ध्वपातनाचे मनोरे, गाळ वेगळा करायची यंत्रणा, सगळं आधीच तिथे असतं. क्रियेसाठी हायड्रोजन वळवला तर अल्कोहोलचा उतारा थोडा घसरणार आणि एस्टर जास्त झाला तर यीस्टच मरगळणार, हे खरं. पण आकडेमोड कुठून सुरू करायची हे तरी कळतं.

असं कुणी केलं आहे का? केलं आहे, आणि फार पूर्वी. १९२१ मध्ये जर्मनीत कार्ल नॉयबर्ग आणि युलियस हिर्श यांनी आंबणाऱ्या यीस्टमध्ये बेंझाल्डिहाइड टाकलं. यीस्टनं आपल्या वाटेवरचा दोन कार्बनांचा तुकडा त्याला जोडला आणि एकच रूप असलेलं एक कीटो-अल्कोहोल तयार केलं. दशकभरात क्नोल कंपनीनं त्यावर दम्याचं एफेड्रिन बनवण्याची पद्धत उभी केली. तोवर हे औषध चीनमधल्या आणि हिमालयातल्या झुडपांतून काढावं लागे. आज भारतात हाच मार्ग मळीवर चालतो. आपल्या राज्यात महाडच्या औद्योगिक वसाहतीत एम्बिओ ही कंपनी अशा किण्वनावर आधारलेली औषधी द्रव्यं बनवते. साखर, यीस्ट आणि बेंझाल्डिहाइड, एवढ्या तीन गोष्टींतून कार्बन-कार्बन बंध बांधण्याचा उद्योग गेली नव्वद वर्षं जगभर टिकून आहे. ‘बुरशी म्हणजे प्रयोगशाळेतला खेळ’ म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

सायट्रिक आम्लाचं उदाहरण तर त्याहून मोठं आहे, पण ते सर्वांना ठाऊक असल्यानं थोडक्यात. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी अ‍ॅस्परजिलस नायगर ही काळी बुरशी साखरेवर वाढवून आम्ल काढलं, १९१९ मध्ये फायझरनं ब्रुकलिनला कारखाना काढला आणि लिंबावर चालणारा इटलीचा व्यापार बसला. आज जगात वर्षाला वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल बनतं, जवळजवळ सगळं या बुरशीकडून.

आपल्या आसपासच्या विद्यापीठांतही यीस्टवर बरंच काम झालं आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. ए. माने यांच्या गटानं २००९ मध्ये बेकरीचं यीस्ट वापरून बेंझोथायाझोल आणि पुढे ४एच-पायरॅन ही वलयी संयुगं बनवल्याचं प्रसिद्ध केलं. त्याआधी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून डायहायड्रोपायरिमिडिनोनचं तसंच काम आलं होतं. महागडी उपकरणं नसलेल्या प्रयोगशाळांना या कामानं दार उघडून दिलं, आणि मग आपल्याकडच्या महाविद्यालयांतून असे निबंध भराभर येऊ लागले. त्यांच्याबद्दल मी एकच आग्रह धरीन. यीस्ट टाकल्यावर क्रिया झाली, एवढं पुरेसं नाही. तीच क्रिया उकळून मारलेल्या यीस्टनं करून पाहा. मग नुसत्या साखरेच्या पाण्यात करा, मग त्याच सामूला साधं आम्ल किंवा एखादं अमिनो आम्ल घालून करा. उकळलेल्या यीस्टनं तेवढाच उतारा दिला, तर तिथे विकराचं काही काम नाही. पेशीतली प्रथिनं साध्या आम्ल-आम्लारीसारखी वागत असतील. त्यातही काही कमीपणा नाही, पण मग निबंधाच्या शीर्षकात जैवउत्प्रेरक लिहायचं नाही. हा नियंत्रण-प्रयोग एका दिवसाचा असतो. तो न करता लिहिलेले निबंध मी पुष्कळ वाचले आहेत.

जिवंत पेशी सांभाळायची नसेल तर नुसतं विकर वापरता येतं, आणि उद्योगाचा कल आज तिकडेच जास्त आहे. अंटार्क्टिकातल्या व्हांडा सरोवराच्या गाळातून मिळालेली कॅन्डिडा अंटार्क्टिका ही यीस्ट जे लायपेज बनवते, त्यातलं ‘बी’ नावाचं विकर प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर चिकटवून विकतात. मूळ काम स्निग्ध पदार्थ फोडण्याचं. पण पाणी काढून घेतलं की तेच विकर उलटं चालतं आणि आम्ल-अल्कोहोल जोडून एस्टर बनवतं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्रा. गणपती यादव यांच्या गटानं या मण्यांवर बरंच काम केलं आहे; गुलाबासारख्या वासाच्या सिट्रोनेलॉलचा लॉरेट एस्टर कोणत्या वेगानं बनतो याचा त्यांचा अभ्यास २००४ चा. इथे फेस नाही, गाळ नाही, ईथरचे घाणे नाहीत. क्रिया झाली की मणी गाळून घ्यायचे आणि पुन्हा वापरायचे. हिशेब मांडला तर हा मार्ग यीस्टच्या भांड्यापेक्षा कितीतरी स्वच्छ निघतो. अडचण एकच, मणी महाग आहेत.

स्वस्त विकर हवं असेल तर पुन्हा शेताकडे वळावं लागतं. डाळिंब, टोमॅटो, आलं लावणाऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ट्रायकोडर्मा माहीत आहे. मर रोगावर शेणखतात मिसळून देतात ती हिरवट पूड. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं तिचा पुष्कळ प्रचार केला. याच कुळातल्या ट्रायकोडर्मा रीसीची कथा वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी फौजेचे सुती तंबू आणि कपडे कुजून जात होते. कुजवणाऱ्या बुरशीचा शोध घेता घेता एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांच्या हाती सेल्युलोज फोडणारं अतिशय तिखट विकर लागलं. आज चिपाडापासून दुसऱ्या पिढीचं इथेनॉल बनवताना सेल्युलोजची साखर करायला त्याच वंशाची विकरं वापरतात. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०१७ मध्ये दौंडला, नगरच्या अगदी शेजारी, असा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. टनभर उसामागे अडीचशे-तीनशे किलो ओलं चिपाड निघतं आणि बहुतेक बॉयलरमध्ये जातं. जाळून वीज मिळते हे ठीकच, पण त्या चिपाडात फेरुलिक आणि कुमारिक ही सुगंधी आम्लं बांधलेली असतात. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दोन बुरशा एकापाठोपाठ वापरून फेरुलिक आम्लाचं व्हॅनिलिन केलं. पहिल्या टप्प्याला अ‍ॅस्परजिलस नायगर, दुसऱ्याला लाकडावर उगवणारं शेंदरी रंगाचं पिक्नोपोरस. आइस्क्रीमचा वास ज्याला म्हणतो तो, चिपाडात दडलेल्या आम्लातून.

आसवनीच्या सांडपाण्याबद्दल न लिहिता ही प्रस्तावना पुरी होणार नाही. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, तांबडा-काळा, आम्लधर्मी आणि दुर्गंधीचा. ओढ्याकाठच्या गावांना मळीमिश्रित पाणी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्यातला रंग मेलॅनॉइडिनचा, जो साधे जिवाणू फोडू शकत नाहीत. पांढरी कूज करणाऱ्या बुरशा, विशेषतः फॅनेरोकीट आणि ट्रॅमेटीस, लाकडातलं लिग्निन फोडण्याच्या विकरांनी हा रंग बराच उतरवतात, हे प्रयोगशाळांत अनेकदा दिसलं आहे. त्यांच्यातलं लॅकेज तर हवेतला ऑक्सिजन वापरून मागे फक्त पाणी सोडतं, आणि म्हणून संश्लेषणातही त्याला मोठा मान आहे. पण प्रयोगशाळेत बुरशी साखर दिल्यावरच हे काम करते आणि स्पेंटवॉश आधी पातळ करावा लागतो. रोज लाखो लिटर सोडणाऱ्या आसवनीला ते परवडलेलं नाही. तिथे सध्या जैववायू काढून उरलेलं आटवून जाळण्याचा मार्ग मुख्यतः चालतो. बुरशीनं सांडपाण्याचा प्रश्न सोडवला, असं कुणी सांगू लागलं तर पाणी किती पट पातळ केलं होतं, एवढंच विचारावं.

प्रयोग करू पाहणाऱ्यांना एक व्यवहाराची सूचना. भाकरीवर किंवा लोणच्यावर आलेली बुरशी उचलून भांड्यात टाकू नका. तिच्यात अफ्लाटॉक्सिन बनवणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते आणि नुसत्या डोळ्यांनी ती ओळखू येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे; तिथून नाव-क्रमांक असलेला शुद्ध वाण मागवता येतो. गव्हाचा कोंडा ओलसर करून प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करायचा आणि त्यावर तो वाण पेरायचा. दुसऱ्या दिवशी पांढरे तंतू कोंड्याला घट्ट बांधून टाकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अ‍ॅस्परजिलस नायगर असेल तर वर काळी भुकटी दिसू लागते. भुकटी दिसण्याआधीच थंड पाण्यानं कोंडा धुऊन विकर काढून घ्यावं. बीजाणू उडाले की ते फुप्फुसात जातात आणि शेजारच्या टेबलावरचे सगळे प्रयोगही बिघडवतात.

या पुस्तकाच्या वाचकांत एक वर्ग मी मुद्दाम धरला आहे, तो आसवनीतल्या शिफ्ट केमिस्टचा. आमच्या प्राध्यापकांपैकी फार थोड्यांनी जिवंत यीस्टची मोठी टाकी हाताळली आहे. त्याला मात्र रात्री अडीच वाजता फेस का उसळला, मळीत गंधक जास्त आलं की यीस्ट का सुस्तावतं, टाकीत आंबूस वास कशाचा आणि तापमान दोन अंश चढलं की उताऱ्याचं काय होतं, हे नोंदवहीतल्या आकड्यांसह सांगता येतं. सेंद्रिय रसायनशास्त्रात त्याची बी.एस्सी. झालेली असते, पण त्या दोन गोष्टी एकमेकांना कधी भेटलेल्या नसतात. महाविद्यालयांनी त्याला वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावं, आणि त्यानं गाळप हंगाम संपल्यावर आपल्या जुन्या नोंदवह्या घेऊन यावं. पुस्तकातल्या शेवटच्या प्रकरणाचे तक्ते त्यासाठीच रिकामे ठेवलेले आहेत.